शालूच्या घडीतला केस

माझं माहेर तीर्थपुरीच्या अंगाचं. कापसाचं रान, बाप माळकरी अन् तितकाच रागीट, थोरला भाऊ किसनदादा, त्याच्या पाठची मी. निजामाचं राज्य होतं तव्हा. सालबिल मला इचारू नका, मला येत न्हाई, पण लग्नाचं इचारता तर बसा, सांगते, तसं लग्न आमच्या चार गावांत कुणाचंच झालं न्हाई.

आधी दादाचं सांगते, मंग पुढचं समजंल. दादा बदनापूरला जत्रेला गेल्ता, तिथं सोंगी भजन होतं, म्हंजे भजन म्हणता म्हणता सोंगं घेतेत ते. तिथं त्यानं राधा पाहिली. घरी आला तर धड जेवंना. मायला म्हणे, काय बाई होती माय, काय ती नजर, काय ते पदर सावरणं. पार्टीवाल्यांनीच उठवून दिल्तं की हैदराबादेहून बाई आणलीया, गर्दी व्हावी म्हणून, अन् आमचा दादा बिलकुल खरं धरून बसला. बाप म्हणे, भजनात बाई नाचवतेत, काय दिवस आलेत. मी हसून राह्यले, मला काय ठावं ती राधा माझ्याच कपाळी लिहिलीया.

मंग मामानं स्थळ आणलं, बदनापूरचंच. पोरगा भजनात गातो, लई नाव हाये, इतकंच मामा बोलला. ह्यांचं नाव मी अजून घेत न्हाई, ते तुम्ही दुसऱ्या कुणाला इचारा. पाहायला आले तर डोक्याला पटका गच्च बांधलेला अन् मिशी साफ. आमच्याकडं बाप वारल्यावरच मिशी काढतेत, म्हणून बापानं हळूच इचारलं, वडील कधी गेले? तर हे म्हणले, हे काय, तुमच्या शेजारीच बसलेत. मामा जल्दी मधात पडला, म्हणे मिशीनं आवाज अडतो. पुढं सगळ्यांनी मला शेताचं इचारलं, सैपाकाचं इचारलं, ह्यांनी फक्त माझ्या हाताकडं पाहिलं अन् म्हणले, बांगड्या बराबर भरल्यात, हाताला शोभतेत. काय सांगू तुम्हाला, कोणता पुरुष बांगड्या पाहतो? मी तर तिथंच हरले.

लग्न आमच्या दारात. हळद लागली, वऱ्हाड आलं, सासरचा शालू आला, हिरवागार, जरीकाठी. आत्या मला नेसवायला बसली अन् घडी उकलली, तर घडीत हा एवढा लांब केस. पदराला काजळाचं बोट. आत्यानं वास घेतला, म्हणे कुण्या तरी बाईनं घामाघूम होऊन नेसलाय हा. नवरीचा शालू, अन् आधी दुसरीच्या अंगाला लागला! माझ्या डोळ्यापुढं त्या बांगड्या आल्या. म्हणलं, ज्याला बायांच्या बांगड्या इतक्या कळतेत त्याच्या घरात बाई असणारच. हळदीच्या अंगानं मी जात्यापाशी बसले अन् रडले. वऱ्हाड माघारी गेलं तर हळद लागलेल्या पोरीला पुढं कोण करणार, हे एक, अन् दुसरं म्हंजे तो माणूस मला आवडला होता, खोटं कशाला बोलू.

आत्यानं शालू बाहीर नेऊन दाखवला, अन् बापाचा आवाज आला, गाड्या जुंपा अन् चालू लागा. दादा काठी घेऊन उभा, म्हणे बोल, कोण बाई हाये ती? ह्यांनी मान खाली घातली. मंग ह्यांचा ढोलकीवाला महबूबभाई पुढं आला, म्हणला, बाई कायकी चाचा, येच बाई है! कुणाला काही समजंना. मी दाराच्या फटीतून पाहून राह्यले. ह्यांनी बाशिंग सोडून महबूबभाईच्या हातात दिलं, पटका काढला, अन् पाठीवर केस सुटले, माझ्यापेक्षा लांब. आत्याच्या हातातला शालू घेतला अन् भर मांडवात नेसायला लागले. निऱ्या काय, ओचा काय, काष्टा काय, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पदर सावरला अन् अशी नजर टाकली की दादाच्या हातातली काठीच पडली. म्हणे, अरे ही तर तीच! अन् गेला गोठ्याच्या मागं, तो पंगतीला वाढायलासुद्धा आला न्हाई.

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आत्या म्हणे, मला मेलीला इतक्या वर्षांत असं नेसता आलं न्हाई. बाप मात्र हसला न्हाई. हे तसेच शालूत बापापुढं हात जोडून म्हणले, मामा, चूक माझी हाये. राधेचं लुगडं दिवटीनं जळालं, लोक येऊन बसलेले, घरात हा शालू होता, म्हणलं नेसतो अन् घडी करून ठिवतो. बाप म्हणला, मंग हे सोंग सोड, तरच पोरगी देतो. ह्यांनी खांद्यावरचा पदर नीट केला. मंग म्हणले, खोटं बोलून पोरगी न्हेत न्हाई, मामा. हे सुटायचं न्हाई.

वऱ्हाडी बैल जुंपायला उठले. मला वाटलं, गेलं आता. लाज सोडली अन् आत्याला बलावलं, म्हणलं बापाला सांग, मला हाच शालू दे. परक्या बाईनं नेसलेला न्हाई, माझ्याच माणसानं नेसलाय. बापानं ते ऐकलं अन् पागोट्यात तोंड लपवलं. हसला का रडला, ते आम्हाला कधीच कळलं न्हाई, पण बैल सोडा म्हणला.

मंग संसार. नावाजलेल्या माणसाशी संसार म्हंजे काय, ते मला इचारा. माझं चांगलं लुगडं पेटीत कधी सापडलं न्हाई. काजळाची डबी माझी अन् संपवणार हे. दुसऱ्याच्या बायकोला बायांचा घोर, मला बाप्यांचासुद्धा! एका पाटलानं राधेला म्हणून पैंजण धाडले, ते मीच पायात घातले. बाजारात लोक म्हणायचे, ती पाहा राधाबाईची बायको. अन् एकदा भजनाला गेले तर राधा किस्नावर रुसलेली, पाठ फिरवून पायाच्या अंगठ्यानं माती उकरून राह्यली. अगं बाई, हा तर माझा रुसवा, कालचाच! घरी येऊन भांडले, तर हे माझ्या हाताकडं पाहून राह्यले, पुढच्या खेपेला हात कसे हलवायचे म्हणून.

मंग रझाकाराचा काळ आला. रस्ते बंद, जत्रा बंद. लांब केसाचा माणूस नजरंत भरतो म्हणून ह्यांनी केस कापले, मिशी ठिवली. बाप्यासारखा बाप्या दिसायला लागला, अन् मला त्यांच्याकडं पाहवंना. ते केस मीच इंचरायचे ना. कापले त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली न्हाई. निजामाचं राज्य गेलं तव्हा पहिल्या भजनाला मीच पेटीतून शालू काढून दिला, म्हणलं मिशी काढा आधी.

आता दोघंबी थकलो. ह्यांच्या तोंडात दात न्हाई, गळा गेला. माझी बोटं वाकडी झाली, निरी धरता यीना. सून म्हणते, आत्याबाई, पातळ सोडा, झगा घाला. मी कशाला घालू? रोज सकाळी हे माझ्यापुढं खाली बसतेत, एकेक निरी मोजून घालतेत, अन् बोलतेत, सरळ उभी राह्य, पोट आत घे, राधा अशी वाकून उभी राहती व्हय? मी म्हणते, राधा तुम्ही, मी तुमची बायको. मंग पदर माझ्या खांद्यावर टाकतेत अन् दोन पावलं मागं सरून पाहतेत. तसं पाहणारं माणूस तुमच्या लेकीबाळींना मिळू दे बाबा, दुसरं काय मागू.