ॲडमिरल माझ्या बोटीत

हसू नका, पण मी एकदा ब्रिटिश ॲडमिरलचा कॅप्टन होतो.

कॅनडात ओकव्हिलला आमच्या शेजारी एक आजोबा राहायला आले. ब्रिटिश नौदलातून ॲडमिरल म्हणून रिटायर झालेले, अख्खा ताफा हाताखाली असलेले. समरमध्ये मी म्हटलं, "सर, लेकवर बोट रेंट करू. चालवा तुम्हीच."

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "बोट चालवायचं कार्ड कोणाकडे आहे?"

आजोबा देशात नवीन, त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं. सोफ्यावर बसून ऑनलाइन क्विझ दिली होती. मला पोहताही येत नाही, पण बाईंनी कॅप्टन म्हणून माझंच नाव लिहिलं.

मी इंजिन सुरू केलं. घरघर भरपूर, पण बोट जागची हलेना. रेस वाढवली, दिसतील ती बटणं दाबली, एकदा तर चुकून भोंगा वाजला. आजोबा मांडीवर हात ठेवून शांत बसलेले. त्यांना विचारायचं कसं, तेच कळेना. पंधरा मिनिटांनी लाज सोडली.

"सर, बिघाड कुठे असेल?"

"बिघाड नाही. मागचा दोर अजून धक्क्याला बांधलेला आहे."

"तुम्हाला कधी दिसला?"

"बोटीत बसतानाच."

"मग बोलला का नाहीत?"

"कॅप्टनच्या कामात ॲडमिरलने तोंड घालायचं नसतं. मला वाटलं, तुमची काहीतरी योजना असेल."

मग दोराकडे बघत म्हणाले, "नोकरीभर मी सगळ्या कॅप्टनांबद्दल असंच समजत आलो."