तीन लिटर अक्का

मला एवढंच सांगा, माणसाच्या अंगातून काढलेली चरबी जाते कुठं? नाय, हसू नका! तीन लिटर काढली आमच्या अक्काच्या पोटातून, तीन लिटर! मी पाण्याचा टँकरवाला माणूस, लिटर म्हणजे काय ते मला शिकवू नका. दुधाच्या तीन पिशव्या रस्त्यात फुटल्या तर अख्खी गल्ली जमते, मग हे तीन लिटर गुपचूप गेलं कुठं? डॉक्टरला विचारलं, तो हसला. सिस्टरला विचारलं, ती म्हणली, "दादा, जरा बाजूला व्हा." अक्कालाच विचारलं तर म्हणती, "तुझ्याच टँकरात ओतली असंल वैजू, उद्या सिडकोत वाटून ये!" अशी होती आमची अक्का.

सोनिया अक्का, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, चौथीत शाळा सोडली तेव्हा तिनंच बदडलं, अन् पुढं टँकरही तिनंच घेऊन दिला. दुष्काळाची सालं ती, अन् शहर तर असं वाढत होतं की चिकलठाण्याच्या पुढं काल ज्वारी होती तिथं आज पाच मजले, वर टाक्या, अन् टाक्यांत खडखडाट! गिऱ्हाईकांचे फोन अक्का घ्यायची, टँकर मी पळवायचो. तिचा आवाज असा की सोसायटीचा चेअरमन फोनवर उभं राहून बोलत असंल. पण पोट... तीन स्थळं आली, पोहे खाऊन गेली. "मुलगी चांगली आहे हो, पण जरा..." ते 'जरा' म्हणजे पोट. पहाटे चालली, भाकरी सोडली, हात बारीक झाले, तोंड बारीक झालं, पोट जागच्या जागी! मग एक दिवस जालना रोडला तिला चरबी काढायच्या दवाखान्याचा बोर्ड दिसला.

डॉक्टर माणूस सरळ होता हां. म्हणला, "ताई, हे वजन कमी करायचं काम नाही, आकार नीट करायचं आहे." चित्र काढून दाखवलं. आधी पोटाच्या चरबीत मिठाचं पाणी सोडायचं, त्यात बधिर करायचं अन् रक्त थांबवायचं औषध. चरबी फुगून सैल झाली की बारीक भोकातून नळी घालायची, नळी मागं-पुढं, मागं-पुढं, अन् पलीकडून मशीन ओढतंय. कुणी आधी लेझरनं वितळवतं, कुणी थरथरणारी नळी वापरतं. मी म्हणलं, "साहेब, हे तर विहिरीचा गाळ काढल्यासारखं! आधी पाणी मारायचं, मग पंपानं ओढायचं!" तो म्हणला, "अगदी तसंच." म्हणलं, "मग गाळ टाकता कुठं?" तवाच तो हसला.

दोन दिवसांनी अक्का घरी आली. मांड्यांपासून छातीखालपर्यंत घट्ट पट्टा, कडेला हुकांची रांग, आंघोळ सोडली तर सहा आठवडे अंगावर. काट्यावर उभी केली तर वजन दोन किलो वाढलेलं! "वैजू, ह्यांनी काढली का भरली रे?" सूज असते ती, हळूहळू उतरते. भोकांतून गुलाबी पाणी गळतं, तेही गळणारच. सगळं एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. अन् तो कागद आमच्या पारूकाकूनं हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला! अक्का सुखरूप ऱ्हावी म्हणून!

पारूकाकू म्हणजे आमची चुलती. आयुष्यभर घराघरांतली बाळंतपणं केली तिनं. पट्टा बांधलेलं पोट दिसलं की तिच्या डोक्यात एकच, बाळंतीण! वैजापूरहून बाज मागवली. बाजेखाली शेगडी, बाजेवर डिंकाचे लाडू. "पाय खाली ठेवायचा नाय सोने, वारं शिरंल!" अक्का म्हणायची, "काकू, अगं पण बाळ कुठंय?" काकू म्हणायची, "नसू दे! पोट तर रिकामं झालंय का नाय?" पोट रिकामं झालं ते कबूल, पण गेलं कुठं?

अन् मी काकूचा शिपाई! अक्का उठाया लागली की, "पड गं, मी हाय ना!" ताट बाजेवर, पाणी बाजेवर, फोन बाजेवर. उठणं फक्त मोरीपुरतं. आंघोळ तीच टाळायची, "आधी गिऱ्हाईकाला पाणी जाऊ दे." ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची अन् म्हणायची, "चिकट झालंय रे सगळं. एकदा डोक्यावरनं धो धो पाणी घेईन बघ."

नवव्या दिवशी म्हणली, "वैजू, पोटरी लई दुखती रे." डावी. सुजलेली, गरम. काकू म्हणली, "पडून पडून आखडली, तेल लाव." मी लावलं. कोमट करून. चांगली रगडली. अक्का म्हणली, "बरं वाटलं रे."

सकाळी उठली, मोरीकडं चार पावलं गेली, दम लागला म्हणून उंबऱ्यावर बसली. बसली ती बसलीच.

मग मी देव्हाऱ्यातून कागद काढला. हळद झटकली अन् एकेक अक्षर लावून वाचला. "दर दोन तासांनी चालावे. पोटरी दुखल्यास चोळू नये, ताबडतोब फोन करावा." पायात रक्ताची गाठ होते म्हणं, अन् ती छातीत जाते. डॉक्टर हे तोंडानंही बोलला असंल. तवा मी लिटर मोजत होतो.

अन् आता स्मशानात न्यायचं तर अक्का आख्खी न्यायची का नाय? तीन लिटर कमी कशी नेऊ? कागदावरच्या नंबरला फोन लावला. पोरगी बोलली, "सर, काय काम होतं?" म्हणलं, "आमच्या अक्काची चरबी पायजे." तिनं ठेवून दिला. पण उचलला बरं का... एका रिंगमध्ये उचलला.

अंगणात बायका जमल्या, चादरी धरल्या, पट्ट्याचे हुक कुणालाच निघंनात. चादरीखालून हात घालून, डोळे मिटून मीच काढले. काकू अर्धी बादली घेऊन आली. म्हणलं, "काकू, ती ठेव आत." टँकर मागं घेत अंगणाला लावला, दहा हजार लिटर, काठोकाठ, अन् पाईप बायकांच्या हातात दिला. तेवढ्यात अक्काचा फोन वाजला, सोसायटीचा चेअरमन. "मॅडम, टँकर कुठं राहिला?"

म्हणलं, "मॅडम आंघोळीला बसल्यात." अन् तोंड फिरवून नळ पुरा सोडला.