पिवळी आणि काळ्या

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक बहीणभाऊ मांजरांच्या सहा पेट्या घेऊन टेकले आणि बाईंचे कान आपोआप तिकडे गेले.

"मावशीला सांगितलंस?"

"नाही रे दादा. तिला धड श्वास घेता येत नाहीये. तिची एकोणतीस मांजरं आपण घरातून हलवली, हे हॉस्पिटलात कुठल्या तोंडाने सांगू?"

"पण पिवळीने दोन दिवस तोंडात काही घेतलेलं नाही. ती कशी खाते ते मावशीलाच ठाऊक."

"मग लाव फोन. तूच बोल."

"मावशी, रागावू नकोस. मांजरं आम्ही घरातून हलवली."

भावाने स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून धापा टाकत आवाज आला.

"सगळी?"

"सगळी."

"बरं केलंत. मला झेपत नव्हतं रे. पण दाराशी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? पिवळी सापडली का? कपाटामागे बसते ती."

"सापडली. पण काही खात नाही."

"एकटी ठेवलीत का तिला? तिला दिसत नाही. काळ्याच्या अंगाला अंग लावूनच खाते ती."

"दादा, काळ्याला परवा तुझ्या ऑफिसातल्या बाईंकडे दिलं ना आपण."

"काय म्हणतेय रे ती?"

"काही नाही, मावशी. ठेवतो दोघांना एकत्र."

"गाडीची किल्ली दे, दादा. मी घेऊन येते त्याला."

"एकटीला सापडायचं नाही ते घर. आणि या पेट्या कुणाच्या भरवशावर सोडू?"

"तुम्ही दोघं जा," शिंपीणबाई म्हणाल्या. "पेट्या मी बघते."