वहीतले टॅग

हुडको कॉलनीतल्या झेरॉक्सच्या दुकानात हिरालाल पोरीचा कम्प्युटर-क्लासचा फॉर्म घेऊन उभा होता. पुढं दोन पोरी बोलत होत्या.

"इंटरव्ह्यूचं काय झालं, समीक्षा?"

"वेबपेज बनवायले लावलं. पेजच्या कोडातला टॅग उघडला का टाइप करायचं एडिटर सॉफ्टवेअर तो स्वतःच बंद करते, जागाही तेच सोडते. मले काय माहीत? मीनं पुन्हा बंद केले. साऱ्या चुकांच्या लाल रेघाच रेघा!"

"क्लासमधी नाही सांगितलं?"

"क्लासमधी सहा महिने वहीतच लिहिलं ना बाप्पा! पट्टीनं मोजून जागा सोडत होतो. कम्प्युटरले सर हात लावू देत नव्हते."

"मंग आता?"

"सरनंच नोकरी देली. या सोमवारपासून नव्या बॅचले मीच शिकवून राहिली."

"कम्प्युटरवर?"

समीक्षाची नजर हिरालालच्या हातातल्या, पोरीचा फोटो चिकटवलेल्या फॉर्मवर गेली.

"काका, हा आमच्याच क्लासचा फॉर्म हाय ना? पोरीले दोनशेपानी वही घेऊन द्या."