हल्लीला नळ

आम्ही मूळचे सैन्यातले. कुठल्या लढाईतले ते विचारू नका स्वामी, माझे आजोबा रोज संध्याकाळी वेगळ्या लढाईत मरत आणि सकाळी उठून कॉफी पीत. एवढं खरं की म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात आमचा कोणीतरी होता, आता तो घोड्यावर बसला होता की नुसता लगाम धरून उभा होता ते त्या घोड्यालाच माहीत. घोडे गेले, राज्य गेलं, आमच्या मिशा राहिल्या आणि हे मराठी राहिलं, कन्नडात भिजलेलं. घरात मराठी, दारात कन्नड, भांडण लागलं की दोन्ही. पण एक शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही, तो म्हणजे हल्ली. तुम्ही तिकडची माणसं उठता बसता हल्ली हल्ली करता, इथं कन्नडात हल्ली म्हणजे पाल, भिंतीवरची. जीभ मागे वळवून हळ्ळी म्हटलं तर गाव, नाही वळली तर पाल. जिभेच्या या एवढ्याशा वळणावर माझा संसार अडकला होता, काय सांगू तुम्हाला.

मी टॅक्सी चालवायचो आणि राहायला हिनकलला. आता ते शहरातच आलंय, तेव्हा निव्वळ गाव, हुणसूर रस्त्याच्या कडेला आमच्या लोकांची वस्ती आणि पाण्याचा थेंब नाही. माझी बायको गिरिजा रोज डोक्यावर घागर, कमरेवर घागर घेऊन इतकी लांब जायची की परत येईस्तोवर अर्धं पाणी ढग होऊन वर गेलेलं असायचं, खोटं वाटतं तर तिला विचारा. एक दिवस तिने घागर माझ्या पायाजवळ आदळली आणि म्हणाली, अहो, दारात नळ येईल तेव्हा मला बोलवा, नाहीतर मी चालले पिरियापट्टणला, माझ्या बापाच्या अंगणात विहीर आहे. मी म्हटलं आणतो नळ, पुढच्या अमावास्येला आणतो. आमच्या भागाचा आमदार मतं मागून गेला तो पुन्हा दिसला नव्हता, मी नळ आणणार होतो कुठून?

तेवढ्यात सरकार डळमळलं. डळमळलं की आमदार पळवून हॉटेलात कोंडतात ना, तसे कोंडले म्हैसुरात, आणि त्यांत होते उत्तरेकडचे तात्यासाहेब, सीमेवरचे, मराठी बोलणारे. बाकीचे कन्नडात पत्ते खेळायचे, हे एकटेच आरशाशी बोलायचे. त्यांना फिरवायला माझी गाडी लावली, मी मराठीत नमस्कार केला तर माणूस असा रडला की मला वाटलं माझंच कोणीतरी गेलं. म्हणाले, राव, तुम्ही आमचे. तिथून मी त्यांचाच झालो, ते बेंगळूरला गेले तरी गाडी माझीच.

त्यांनी विधानसभेत केलेलं काम सांगू? झोप. ते घोरायला लागले की अध्यक्षांना वाटे विरोधक घोषणा देताहेत. एका विधेयकाला यांनी आळस देताना दोन्ही हात वर केले, सगळे म्हणाले वा, काय पाठिंबा. पक्ष तर हे शालीसारखे बदलत, कधी कधी रंग न बघताच पांघरत. पण कन्नड येईना म्हणून मंत्रिपद हुकायचं. मला म्हणाले, राव, एक भाषण शिकवा, तुमचं काय काम असेल ते त्यातच सांगून टाकतो. स्वामी, मला वाटलं देवच माझ्या गाडीत बसलाय! मी नागरीत लिहून दिलं, एकच ओळ: नम्म हळ्ळिगे नल्ली बेकु, म्हणजे आमच्या गावाला नळ पाहिजे. ळ एवढा मोठा काढला की त्यात माणूस निजेल. आठवडाभर गाडीत घोकून घेतलं, म्हटलं साहेब, जीभ मागे, जीभ मागे. ते म्हणत, हो हो, हल्ली जमतंय.

मी वर गॅलरीत बसलेलो. साहेब उठले, खोकले, आणि त्यांचं तोंड जन्मभराच्या सवयीवर गेलं. नम्म हल्लीगे नल्ली बेकु! आमच्या पालीला नळ पाहिजे! एकदा नाही, टेबल ठोकून पुन्हा पुन्हा, म्हैसूरजवळची पाल तहानलेली आहे म्हणून. सभागृह बाकांखाली लोळायला लागलं. पाणीमंत्री डोळे पुसत उठले, म्हणाले, सदस्यांनी पाल घेऊन यावी, आम्ही वाटीने पाजू. संपला आमचा नळ. आणि या माणसाला वाटलं, भाषण गाजलं!

गाजलंच हो, तेच दुःख. राज्यभर नाव झालं, पुढच्या फेरबदलात मंत्री झाले. गिरिजाने पेपरात पालीचं वाचलं, बोचकं बांधलं आणि पिरियापट्टणची बस धरली. मी मंत्र्याच्या बंगल्यावर गेलो, म्हटलं साहेब, घर मोडलं माझं, तो नळ. तर मला म्हणतात, राव, हल्ली वेळ नसतो.

मी तडक पिरियापट्टणला गेलो आणि सासऱ्याच्या विहिरीवर बसून बायकोला एवढंच सांगितलं की दसऱ्याला मंत्री हिनकलवरून हुणसूरला जाणार आहेत, गाडी मीच चालवणार आहे आणि इंजिन जरा आजारी आहे.

बरोबर वस्तीसमोर ते आजारी पडलं. समोर गिरिजा, मागे वस्तीच्या सगळ्या बायका, डोक्यावर रिकाम्या घागरी, इतक्या की रस्ता पितळेचा दिसत होता. मागच्या गाडीतले पेपरवाले धावत पुढे आले. साहेब काच खाली करून म्हणाले, काय पाहिजे बाई? गिरिजा मराठीत म्हणाली, साहेब, आम्ही पाली. तुम्ही आमच्यासाठी नळ मागितलात म्हणून पाण्याला आलो. आणि लगेच पेपरवाल्यांना कन्नडात सांगितलं. साहेबांनी चेहरा लपवायला शाल शोधली, नेमकी जुन्या पक्षाची हाताला लागली. पुढच्या पावसाळ्याआधी नळ आला.

नळावर दगड बसवला, त्यावर त्यांचं नाव, आमच्या वस्तीचं नाही. आता घरोघरी पाणी आहे, तो नळ कोरडा पडलाय, दगडावर कायम एक पाल असते. गिरिजा रोज तिच्यापुढे करवंटीत पाणी ठेवते, म्हणते, मंत्र्याने मागितलं होतं, द्यायला नको?

तात्यासाहेब आता तिकडे उत्तरेत घरी बसून असतात म्हणे. माझा राग नाही. देव त्यांना शंभर वर्षं देवो, आणि त्यांची बायको त्यांना रोज पाण्याला पाठवो.