दादासाहेबांची काठी आणि गुप्त्यांची मैना

...आणि वर लोक म्हणतात, पक्ष्याला काय कळतंय! पक्ष्याला काय कळतंय? तुम्हाला सांगतो, ज्यानं हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून काढलं ना, त्याला धरून आणा अंधेरीला आणि आमच्या शेजारच्या विद्याधर गुप्तेच्या खोलीत ठेवा आठवडाभर, मैनेच्या पिंजऱ्याखाली. नाही रडत बाहेर आला तर नाव बदलीन!

आता तुम्ही म्हणाल, मग या विद्याधरनं मैना पाळली कशाला? हौस? छे हो! त्याला आयुष्यात कावळा आणि कोंबडी यांपलीकडे पक्षी ओळखता येत नव्हता. त्याला हवी होती जागा! स्वराज्य आलं, पण मुंबईत जागा कुठे आली? लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी हा मामाकडे, बायको माहेरी, आणि भेट कुठे, तर देवळात! शेवटी कुणी तरी सांगितलं, अंधेरीला चाळीत दोन खोल्या रिकाम्या आहेत, मालक दादासाहेब खोपकर, रिटायर्ड पोस्टमास्तर, पण माणूस जरा... पक्ष्यांतला आहे. पक्ष्यांतला म्हणजे? म्हणजे अंधेरी पक्षिप्रेमी मंडळाचा अध्यक्ष! हा गेला, नमस्कार केला, तर दादासाहेबांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, चष्म्यावरून बघत एकच प्रश्न, "गुप्ते, घरात पक्षी आहे?" आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "आहे ना! मैना! तिच्यावाचून बायकोला घास जात नाही!"

झालं! दुपारी खोलीची किल्ली हातात आणि संध्याकाळी हा क्रॉफर्ड मार्केटात, मैना शोधतोय!

तिचं नाव ठेवलं मंजुळा. बायको, म्हणजे आमच्या वनमालावहिनी, सुरुवातीला खूश. दोन खोल्या, स्वतःची मोरी, गॅलरीत मैना... आणखी काय हवं? पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गॅलरीत काठीचा आवाज. टक... टक... टक... दादासाहेब! "म्हटलं, मंजुळेला बघून यावं." बघितलं. बसले. चहा झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक टक टक. चौथ्या दिवशीही तेच. केळं सालीसकट द्यायचं नाही, सातूचं पीठ सैल कालवायचं, पिंजरा वाऱ्याला ठेवायचा नाही... सांगणं चालू आणि चहा चालू! आणि दुधाची बाटली सकाळी केंद्रावर रांग लावून एकच मिळायची, ती काय गोवर्धन पर्वत आहे गोकुळाला पुरायला? वहिनी बिचाऱ्या किती दिवस गप्प बसतील? काठी वाजली की आत स्टोव्हला पंप मारता मारता पुटपुटायच्या, "आला फुकट्या! ठेवा आधण!"

पुटपुटायच्या हं! हळूच! नवऱ्यालासुद्धा ऐकू जायचं नाही. पण पक्ष्याला काय कळतंय!

एका संध्याकाळी काठी वाजली, टक टक टक, वहिनी अजून नळावर, आणि गॅलरीतून वहिनींच्या आवाजात, अगदी त्यांच्या त्या नाकातल्या सुरात, खणखणीत, "आला फुकट्या! ठेवा आधण!" विद्याधरच्या हातातलं वर्तमानपत्र खाली. दादासाहेब दारात! काय करणार? खोकला हो! असा खोकला की शेजारून मी धावत गेलो पाणी घेऊन. दादासाहेब म्हणाले, "मैना काही तरी बोलली काय?" हा म्हणाला, "खो... खो... रामराम म्हणाली!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. काठी वाजली की मंजुळा चोच उघडणार, मंजुळेनं चोच उघडली की हा छाती पिटत खोकणार. दादासाहेब हळहळले. "गुप्ते, तरुण वयात हा खोकला बरा नव्हे." दुसऱ्या दिवशी अडुळशाचा काढा घेऊन आले! समोर उभं राहून पाजला. काळाकुट्ट, कडू जहर! आणि वर वहिनींना म्हणाले, "बाई, याच्या तोंडाची चव गेली असेल, जरा चहा टाका... मलाही अर्धा."

घरात रात्रंदिवस भांडण. हा म्हणे, "तुझ्या जिभेनं ही खोली जाणार! पुन्हा मी मामाकडे आणि तू माहेरी!" त्या म्हणत, "मी का पक्ष्याला शिकवायला गेले होते? तुम्हीच मारली ना थाप!" दोघंही बरोबर, आता बोला!

मग तिचं वाक्य पुसायचं ठरलं. हा रोज पहाटे पिंजऱ्यासमोर बसून, "या दादासाहेब, बसा दादासाहेब... या दादासाहेब, बसा दादासाहेब..." मैना मान वाकडी करून ऐकून घ्यायची, एक शब्द बोलेल तर शपथ! उलट ऑफिसात साहेब आले तर हाच उठून म्हणाला, "या दादासाहेब!" मग कुणी तरी सुचवलं, जागा बदला, विसरेल. मंडळाचे एक मेंबर होते, गुणाजी म्हणून, वाकोल्याला राहायचे, मूळचे मालवणकडचे, पोपटवाले, भला माणूस. त्यांच्याकडे मंजुळेला हवापालटाला म्हणून पाठवली. पंधरवड्यानं आणली, पिंजऱ्यावरचा कपडा काढला, तर गुणाजींच्या बायकोच्या आवाजात, "मेल्या, खंय होतंस? जेवक येतंस काय नाय?" विद्याधर आनंदानं नाचायचाच बाकी! विसरली, विसरली! तेवढ्यात गॅलरीत टक... टक... आणि मंजुळा काय म्हणाली, मी सांगायला हवं? आता दोन्ही म्हणायची, हो! कपडा काढला की हे, काठी वाजली की ते!

पक्ष्याला काय कळतंय... सांगा ना, काय कळतंय!

आणि अशात मंडळानं काढली बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा! शाळेच्या हॉलात, रविवारी सकाळी, सहकुटुंब! अध्यक्ष अर्थात दादासाहेब. विद्याधर म्हणाला, मंजुळेला बरं नाही. दादासाहेब म्हणाले, "तर मग मी स्वतः येऊन बघतो!" गेलाच हा मुकाट्यानं पिंजरा घेऊन. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, चेहरा असा की लोकांनी विचारलं, घरात कुणी गेलं काय?

हॉल भरलेला. एकेका पक्ष्याची पाळी. गुणाजींच्या पोपटानं विठ्ठल विठ्ठल म्हटलं, टाळ्या. रत्नप्रभाबाई म्हणून एक मास्तरीण होत्या, त्यांच्या पोपटानं दोनचा पाढा म्हटला, सातापर्यंत, पुढे विसरला, तरी टाळ्या. मंजुळेचा पिंजरा टेबलावर ठेवला. मंजुळा गप्प. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टिचक्या वाजवल्या, गप्प! विद्याधरच्या जिवात जीव आला. देवाला नारळ बोलून झाला. आणि दादासाहेब म्हणाले, "थांबा, मला ओळखते ती." उठले... आणि काठी टेकत टेकत स्टेजवर निघाले...

टक. टक. टक.

"आला फुकट्या! ठेवा आधण!"

आणि आवाज कुणाचा हे सांगायला नको, अर्धी चाळ तिथे बसलेली, सगळ्या माना वळल्या बायकांच्या बाजूला, वनमालावहिनींकडे. विद्याधरनं खोकायला तोंड उघडलं, पण घशातून हवासुद्धा निघेना. दादासाहेब जागच्या जागी उभे. मग त्यांनी काय करावं? काठी पुन्हा आपटली. टक टक टक. "आला फुकट्या! ठेवा आधण!" पुन्हा आपटली. पुन्हा तेच. मग हळूच खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसत राहिले, पुसत राहिले...

"बाई," ते म्हणाले, वहिनींकडे बघून, "रागावलो नाही मी. आमच्या घरात, ही गेल्यापासून, मी आलो काय नि गेलो काय... 'आला' असं म्हणणारंसुद्धा कुणी नाही. माझी काठी ओळखून कुणी तरी रोज आधण ठेवतंय, हे मला आज कळलं."

तुम्हाला सांगतो, तिथे हसायला आलेला एक माणूस हसला नाही. दादासाहेबांनी पहिलं बक्षीस मंजुळेला दिलं, "शुद्ध उच्चार" म्हणून, आणि काठी टेकत निघून गेले. वहिनी पदर तोंडाला लावून ज्या रडायला लागल्या त्या घरी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली. काठी नाही. मंजुळा गप्प. वहिनींनी तरी आधण ठेवलं. आटलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा आटलं. विद्याधर म्हणाला, "आता खोली खाली करायची नोटीस येणार बघ." त्या कडाडल्या, "खोली गेली खड्ड्यात! तो म्हातारा माणूस तिकडे एकटा बसला असेल. जा, घेऊन या!" हा गेला. दादासाहेब ओट्यावर बसलेले, दिवा नाही, चूल नाही. यानं हात पुढे केला. म्हणाला, "चला दादासाहेब. आधण ठेवलंय."

उठले. काठी विसरले, हो! याचा हात धरून आले. म्हणून मंजुळा काही बोलली नाही. वहिनीच दारात आल्या आणि म्हणाल्या, "आलात? बसा."

तर असं सगळं गोड झालं. खोली राहिली. भाड्याचं नाव काढू देत नाहीत दादासाहेब. सकाळी येतात, संध्याकाळी येतात, वहिनी त्यांना आलं घालून चहा देतात, वर वाटीभर पोहे. दुधाची बाटली तीच, एक! आणि विद्याधर? परवा स्टेशनासमोरच्या इराण्याकडे दिसला, कोपऱ्यात, बशीत ओतून भुरके मारताना. म्हटलं, "काय रे, घरी चहा मिळत नाही?"

"मिळतो ना," म्हणाला, "उरला तर..."