शेवटच्या जीपमधली कोंबडी

मुलांनो, अशी कल्पना करा की दारव्ह्याचा बाजार आटोपून तुम्ही गावाकडच्या शेवटच्या जीपमध्ये बसला आहात. जीप गच्च भरली आहे. तेवढ्यात डोक्यावर गाठोडं आणि काखेत कोंबडी घेऊन एक म्हातारी धापा टाकत येते. पुढचं सगळं मी मागच्या बाकावरून ऐकलं.

“राजकुमार, मले ने रे बाबा. लेक बाळंतीण झाली, घरात दुसरं कोणी नाही.”

“जमनीमावशी, जागा कुठी हाय? माह्या डोक्यावर बसता काय?” ड्रायव्हर राजकुमार म्हणाला.

“बसली असती. रिकामंच तं हाय.”

“थांब राजकुमार,” विमलताई म्हणाल्या. “हा भोपळा मी मांडीवर घेतो. या मावशी, इथं बसा.”

“भोपळ्याच्या जागेत मावशी मावन काय?” राजकुमारनं विचारलं.

“मी मागं उभा राह्यतो,” विमलताईंच्या शेजारचा अमर हसला. “ताईनं भोपळा उचलला, मले स्वतःले उचलाले काय होते?”

“बसली रे बाबा! गाठोडं मांडीवर घेतलं. आता कोंबडी?”

“टपावर बांधा,” राजकुमार म्हणाला.

“मरन ना थे! लेकीच्या रश्श्यासाठी नेऊन राह्यली.”

“माह्याकडं कोणी पाहू नका,” समोरचे देवीलालकाका म्हणाले. “पोराची सोयरीक जुळवाले चाललो. मांडी रिकामी हाय, पर पँट इस्त्रीची हाय.”

खिडकीशी बसलेल्या शाळकरी अपेक्षानं दप्तरातून रेनकोट काढला, काकांच्या मांडीवर नीट अंथरला आणि कोंबडी त्यांच्या हातात दिली.